जावयाची बरणी

चोवीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरची फरशी पुसली. मोठे सर्जन म्हणायचे, "मावशी, तुमच्या फरशीवर ताट न घेता जेवावं." मी लाजायचे वगैरे नाही, कारण ते खरंच होतं. आता निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. म्हणून जावई तळाशी पडून राहायला लागला तेव्हा मी पहिलं काय केलं, तर त्याची बरणी घासली.

जावई म्हणजे मासा. निळा, झालरीसारख्या शेपटीचा, एकट्यानेच राहणारा बेट्टा. आम्हाला ना मुलगी ना मुलगा. पण समोर आरसा धरला की हा गाल फुगवून असा काही रुसायचा, की ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव जावई ठेवलं.

ह्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, संसर्गापासून जपा. मला असं सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी दारच लावून घेतलं. शेजारी बंद, नातेवाईक बंद. रस्त्यापलीकडे ह्यांच्या जिवलग मित्राचं शिलाईचं दुकान. चाळीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी कॅरम खेळायचे. त्या भाऊजींच्या अंगावर कायम दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. त्यांना मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ते रोज सहाला यायचे आणि मी रोज सांगायचे, "झोपलेत." आत हे टक्क जागे असायचे.

"अगं, निदान मासा तरी आण," हे एकदा म्हणाले. "त्याची तर चोवीस तास अंघोळ चालू असते."

मी हसले आणि मासा आणला. बरणी खिडकीतच हवी, असा ह्यांचा हट्ट. सहा वाजून गेले की "जावयाला भेटून येतो" म्हणायचे, धापा टाकत उठायचे आणि पाच मिनिटं खिडकीशी उभे राहायचे. मी म्हणायचे, कशाला दमता? ऐकायचे नाहीत. आठ महिन्यांनी हे गेले. खोली लख्ख होती.

मागे उरला तो जावई. त्याच्यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, तरी तो वाळत चालला. शेपटीच्या कडा झडल्या. मी आणखी घासलं. शेवटी स्टीलच्या डब्यात त्याला घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानवाली मुलगी बाह्या कोपरापर्यंत ओल्या करून काम करत होती.

"काकू, पाणी कधी बदलता?"

"रोज," मी मान ताठ करून म्हटलं. "सगळं. खडे उकळते, बरणी घासते, तीनदा विसळते."

"आणि नळाचं ताजं पाणी भरता?"

"मग काय शिळं भरू?"

"हो, शिळंच. एक दिवस ठेवलेलं. आणि चौथा हिस्साच बदलायचा." तिने डब्यात वाकून पाहिलं. "नळातलं औषध ह्याच्या अंगाला भाजतं. खड्यांवर चांगले जंतू धरतात, ते ह्याची घाण खातात. तुम्ही रोज त्यांना उकळून टाकता. आजारी दिसला म्हणून आणखी घासलं असेल ना?"

"घासलं," मी म्हटलं.

"चांगल्या मनानेच केलंत, काकू. पण ह्याला तिथे राहता येत नव्हतं."

चोवीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. एरवी मी तिची चांगली हजेरी घेतली असती. त्या दिवशी नुसतं विचारलं, "मग आता काय करू?"

तिने बदामाची दोन वाळलेली पानं दिली. "एक पाण्यात टाका. पाणी चहासारखं होईल, होऊ द्या. आणि चार बोटंच पाणी ठेवा. हा मासा वर येऊन हवा घेतो. अशक्त आहे, फार उंच चढवणार नाही त्याला."

श्वासासाठी वर यायचं आणि यायला ताकद नाही, हे मी घरात आठ महिने पाहिलं होतं.

घरी येऊन मी झाडाचं वाळकं पान माझ्या हाताने स्वच्छ पाण्यात टाकलं. बरणी कोमट पाण्याच्या परातीत ठेवली, परातीतलं पाणी गार झालं की बदलत राहिले. बरणीतलं पाणी तपकिरी झालं. काचेवर बुळबुळीत थर धरला. माझी बोटं नुसती शिवशिवत होती. मी हात मांड्यांखाली दाबून बसले. तिसऱ्या दिवशी त्याने एक दाणा खाल्ला. चौथ्या दिवशी आरसा धरला तर एका बाजूचा गाल फुगवला. अर्धाच रुसला, पण रुसला! इतका आनंद झाला की धावत जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखा माणूस एकच होता, आणि त्याला मी दोनशेहून जास्त वेळा दारातून परत पाठवलं होतं. मी गेले नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तो आडवा झाला. तिरपा तिरपा वर यायचा, हवा घ्यायचा, पुन्हा पडायचा. मग मात्र पायात काय घातलंय तेही न बघता मी रस्ता ओलांडला.

"भाऊजी, चला. जावई जायला लागलाय. तो अजून जागा आहे."

त्यांनी शिलाई अर्धी सोडली. जिना चढून आले आणि दाराशी थांबले. मला वाटलं, दम लागला. ते सदऱ्यावरचे दोरे वेचत होते. एकेक तुकडा काढून खिशात घालत होते.

"राहू द्या हो ते!" मी जवळजवळ ओरडलेच. "आत या."

आम्ही दोघं बरणीपाशी बसलो. जावई एकदा वर आला. हवा घेतली आणि खाली पानावर जाऊन टेकला. आम्ही तो पुन्हा वर येण्याची वाट पाहिली. खूप वेळ पाहिली. तो आला नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे झोपलेले नसायचे."

"ठाऊक आहे, वहिनी."

"कसं ठाऊक?"

"मी खाली उतरून रस्ता ओलांडला, की तो ह्या खिडकीत यायचा. वरून बोटाने स्ट्रायकर मारायचा. मी दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसायचो, राणी घेतलीस म्हणून. हसायचा. मग खोकला यायचा आणि आत जायचा."

मी रडले. मोठ्याने रडले. हे गेले तेव्हाही अशी रडले नव्हते, तेव्हा खोली धुवायची होती. भाऊजींनी खिशातून रुमाल काढला, त्याच्याबरोबर सगळे दोरे फरशीवर पडले. ते वाकायला लागले तसा मी त्यांचा हात धरला.

मग उठून मी खिडकीशी गेले. समोर सरळ दुकानाची पायरी दिसत होती. ती काच मी रोज दोन्ही बाजूंनी पुसायचे. तिच्यातून खाली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.