एक्कावन्न दिवस, एक चिमूट

एक जानेवारीपासून सत्याप्पाच्या तोंडात तंबाखूचा कण गेला नव्हता. वीस फेब्रुवारीला त्याला एक्कावन्न दिवस झाले. ही गोष्ट बायकोला, सुलाबाईला ठाऊक होती आणि बेळगावात दातांची डॉक्टर असलेल्या लेकीला, सुविधाला. निपाणीतल्या ज्या वखारीत तो एकतीस वर्षं काम करत होता, तिथं मात्र ती कुणालाच ठाऊक नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती.

कारण वखारीत त्याचं कामच चव घेण्याचं होतं. शेतकरी बिडीच्या तंबाखूची बोदं, म्हणजे गच्च भरलेली मोठी पोती, घेऊन आला की हाताखालचा शामू प्रत्येक बोदात खोल हात घालून नमुना काढायचा आणि कागदावर सत्याप्पापुढं ठेवायचा. सत्याप्पा तो तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, मग चिमूटभर खालच्या ओठात धरायचा. मनात वीस मोजायचा, थुंकायचा आणि मालाची प्रत सांगायचा. मालक नागेंद्र त्यावरून भाव बोलायचे. शेतकरी भावावरून हुज्जत घालायचे, प्रतीवरून कधीच नाही.

हे सगळं तो मालकांच्या शेजारी, गादीवर बसून करायचा. त्याचा बाप याच वखारीत बोदं वाहायचा आणि तहान लागली की पायरीखाली ओंजळ धरून उभा राहायचा. ती पायरी चढून गादीपर्यंत यायला सत्याप्पाला चौदा वर्षं लागली होती. वर आणलं होतं ते जिभेनं.

डिसेंबरात सुविधा घरी आली असताना आप्पा तिखट आमटीचा घास ओठाला लागू न देता गिळताहेत, हे तिच्या नजरेत आलं. तिनं त्याला खिडकीशी नेलं आणि खालचा ओठ उलटा करून पाहिला. आत नखाएवढा पांढरा चट्टा होता. पुढच्याच आठवड्यात बेळगावात त्याचा तुकडा काढून तपासणीला पाठवला.

"कॅन्सर न्हाय," अहवाल वाचून ती म्हणाली होती. "अजून न्हाय. मार्चअखेर परत बघायचं. तोवर एक कणसुद्धा नको."

"हौसेची सोडतो गं. पण वखारीतली धंद्याची चिमूट हाय. ती मी थुकूनच टाकतो की."

"आप्पा, धंद्याची कुठली आन् हौसेची कुठली, हे ओठाला कळत न्हाय."

एक जानेवारीला सकाळी विहारात पंचशील म्हणताना तो पाचव्या शीलाशी अडखळला. नशा करणार नाही, असं ते शील. दारूला तो कधी शिवला नव्हता, त्यामुळं ते आपण पाळतोच, असं तो वर्षानुवर्षं धरून चालला होता. त्या दिवशी त्यानं मनातल्या मनात त्यात तंबाखूही घातला. घरी येऊन सुलाबाईला सांगितलं. तिनं स्वतः वीस वर्षं वखारीत तंबाखू चाळलेला. ती एवढंच म्हणाली, "मग वखारीत बी सांगून टाका."

"सांगितलं तर उद्यापासनं कोण विचारतंय मला?"

त्यानं सांगितलं नाही. चिमूट ओठापर्यंत न्यायची, बोटांच्या पेरात दाबून तशीच खाली आणायची, वीस मोजायचे आणि गटारीकडं वळून नुसती लाळ थुंकायची. पहिल्या दिवशी एक चिमूट पेरातून सांडली. आठवड्यानंतर सांडेना. चोळल्यावर बोटांना आणि नाकाला बहुतेक सगळं कळत होतं. जे थोडं कळत नव्हतं, ते तो अंदाजानं बोलत होता.

वीस तारखेला दुपारी बारा वाजता नागेंद्रनी त्याला हाक मारली. गादीपुढं एक बोद उघडून ठेवलं होतं. शामू भिंतीशी उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"सत्तावीस जानेवारीचा माल," नागेंद्र म्हणाले. "संकेश्वरकडनं आण्णाप्पानं आणलेला. बावीस बोदं. तुम्ही एक नंबर सांगितलासा, मी एक नंबरानं घेतला, कारखान्याला एक नंबर म्हणून पाठवला. आज सगळा परत आला. आत गेल्या सालचा माल मिसळलाय म्हणं."

सत्याप्पा गादीच्या कडेला बसला.

"आता तुमची जीभ चुकायची न्हाय," नागेंद्र पुढं म्हणाले. "म्हंजे नमुनाच चुकला. वरवरचा काढला, न्हायतर आण्णाप्पानं दाखवला तेवढाच काढला. काय रं शामू? जेवायला घातलं काय त्यानं तुला?"

"मालक, बुडापर्यंत हात घातलता मी. बावीसच्या बावीस बोदांत."

"मग ह्यांची जीभ खोटी?"

शामूनं सत्याप्पाकडं पाहिलं आणि लगेच नजर जमिनीकडं वळवली. त्या एका नजरेत सत्याप्पाला कळलं की पोराला सगळं ठाऊक आहे.

"तुम्हीच सांगा सत्याप्पा. ह्या बोदातला घ्या जरा तोंडात. त्या दिवशी तुमच्याफुडं आलेला माल ह्योच हुता का, बगा. न्हवता म्हणालासा, तर ह्या शामूचा हिशोब आत्ताच संपला. उद्यापासनं यायचं न्हाय."

नागेंद्रनी स्वतःच बोदात हात घातला, मूठभर तंबाखू काढून कागदावर ठेवला आणि कागद पुढं सरकवला. ते हातभर अंतरावर बसले होते. इतक्या जवळून पेरात चिमूट लपवता येणार नव्हती.

सत्याप्पानं तंबाखू तळहातावर घेतला. चोळला. नाकाशी नेला. वास चांगला होता, थोडा जास्तच चांगला. सत्तावीस तारखेला त्याच जास्तीच्या वासापाशी तो क्षणभर थांबला होता, हे त्याला आठवलं. तेव्हा एक चिमूट खरोखर ओठात धरली असती, तर मागून येणारी शिळी कडवट चव सातव्या-आठव्या आकड्यालाच लागली असती. त्यानं वीस मोजून एक नंबर म्हटलं होतं.

त्यानं चिमूट उचलली. ओठ आपोआप सुटला. तोंडात पाणी भरून आलं, आणि एक्कावन्न दिवस झाले नसल्यासारखी जीभ ओठाकडं वळली. एक चिमूट. थुंकून टाकायची. मग म्हणायचं, मालक, नमुना वेगळा हुता. शामूला दुसरी वखार मिळेल, सव्वीस वर्षांचा तर आहे. मार्च यायला अजून महिना आहे, एका चिमटीनं चट्टा काही मोठा होत नाही.

शामू वर बघत नव्हता. पायाच्या अंगठ्यानं तो फरशीची फट उकरत होता.

सत्याप्पानं चिमूट कागदावर परत ठेवली.

"नमुना बरोबर हुता मालक. चव मी घेतली न्हाय."

"म्हंजे?"

"एक जानेवारीपासनं कुठल्याच मालाची घेतली न्हाय. नुसता हात ओठाला लावत हुतो. तोंडात चट्टा आलाय. लेकीनं बंद करायला सांगितलंय आन् मी बंद केलंय. तुम्हाला सांगायचं हुतं. सांगितलं न्हाय."

पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचा कोपरा फडफडला, तो नागेंद्रनी बोटानं दाबून धरला.

"तुला ठाव हुतं?" त्यांनी शामूला विचारलं.

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, सत्याप्पांना आता वासावरनंच कळतंय," शामू म्हणाला. "इतकी वर्सं झाल्यावर चव लागतच नसंल म्हणून. मी बी दोन-चारदा तसं करून बघितलं. मला काय कळलं न्हाय."

नागेंद्रच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. चेहरा हसला नाही.

"सत्याप्पा, माझ्या बापानं तुम्हाला हितं बसवलं. तुमच्या शब्दावर मी डोळं झाकून माल घेतो. जाऊ दे. बावीस बोदांचं मी बगतो, आण्णाप्पाचं बी बगतो. ही एक चिमूट घ्या. माझ्यासमोर घ्या, काय मिसळलंय किती मिसळलंय सांगा, आन् ह्यो विषय हितंच बंद. रोजची नको. कधी शंका आली तरच घ्यायची. तुमची जागा तुमचीच."

त्यांनी कागद पुन्हा पुढं सरकवला. ते मनापासून बोलत होते. सत्याप्पाला सगळ्यात जड गेलं ते हेच. शिव्या घातल्या असत्या तर उठणं सोपं गेलं असतं.

"शंका रोजच येती मालक," तो म्हणाला. "मी न्हाय घेत."

"मग गादीवर बसून काय करनार?"

सत्याप्पानं तळहाताला चिकटलेला तंबाखू कागदावर झाडला.

"आयतु," नागेंद्र कन्नडमध्ये म्हणाले. झालं तर, असा त्याचा अर्थ. "खाली उतरा. माल वला हाय का वाळल्याला, एवढं अंगणात हातानं बगून सोडा. शामू, बस हितं."

शामू हलला नाही.

"बस की रं," सत्याप्पा उठत म्हणाला. "मालक सांगत्यात."

शामू गादीच्या अगदी काठावर टेकला. नागेंद्रनी कागद त्याच्यापुढं फिरवला. त्यानं चिमूट घेतली, खालच्या ओठात धरली आणि डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. मोठ्यांदा नसला, तरी तो मोजत होता. आठाच्या आसपास त्याचा चेहरा आक्रसला.

"मिसळलंय," गटारीत थुंकून तो म्हणाला. "चौथाई तरी जुना हाय."

"तिसरा हिस्सा असंल," सत्याप्पा पायरीवरून म्हणाला. तसं म्हणायला नको होतं, हे म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. नागेंद्रनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

तो तसाच थांबला. "शामू, तांब्या घे. दोन चुळा भर, लगेच. दर चिमटीला भरायच्या. मी भरत न्हवतो."

शामूनं तांब्या उचलला. एक चूळ भरली आणि दुसरी भरावी का, हे मालकांच्या तोंडाकडं बघून ठरवू लागला.

"भर, भर," नागेंद्र खातं उघडत म्हणाले. "माझा खोळंबा करू नकोस."

सत्याप्पा अंगणात उतरला. कारदग्याहून आलेला एक टेम्पो फाटकाशी उभा होता. शेतकऱ्यानं पहिलं बोद सोडून ठेवलं होतं. सत्याप्पानं बाही वर केली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाचा तंबाखू मुठीत दाबून पाहिला.

"वला हाय बुडात," तो म्हणाला. "दोन दिवस पसरून वाळवा, मग आणा."

"ते हुईल. पण प्रत काय म्हनता, आण्णा?"

"ते वर विचारा," सत्याप्पा म्हणाला आणि दुसऱ्या बोदाची दोरी सोडायला वाकला.