बोलणाऱ्या मशीनवर सही

कंपनीने आम्हाला न्यायला गाडी पाठवली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला आणि बायकोला कुणी गाडी पाठवली नव्हती.

आम्ही दोघं रुग्णालयाच्या धुलाईघरात. ती कपडे धुते, मी मशिनं दुरुस्त करतो. तिला लहानपणापासून दिसत नाही. तिच्या हाताखाली आणखी तिघी आहेत, त्यांनाही दिसत नाही. आमच्या जुन्या मशीनला फिरवायचं जाडजूड बटण आहे. एक घर पुढे सरकलं की खट वाजतं. तीन खट म्हणजे चादरी, पाच म्हणजे टॉवेल, सात म्हणजे डागाळलेले कपडे. चौघी गप्पा मारत दिवसाला चारशे चादरी काढतात, आणि एक चादर इकडची तिकडे होत नाही.

पण ती मशिनं आता म्हातारी झाली. सुटे भाग मिळत नाहीत. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, असं करता करता काढण्याजोगंही काही उरलं नाही. बाजारात नवीन येतात ती सगळी सपाट काचेची. काचेवर दिवे लागतात, दिव्यांखाली अक्षरं असतात. बोट लावलं की काम होतं, पण बोट कुठे लावायचं ते डोळ्यांना कळतं, बोटाला कळत नाही. तशी मशिनं आली की चौघींना घरी बसावं लागणार, हे कुणी उघड बोलत नव्हतं, पण चौघींना ठाऊक होतं.

अशात या कंपनीचं पत्र आलं. त्यांचं मशीन म्हणे बोलतं. बोट जिथे लावाल तिथे काय आहे ते सांगतं. माझ्या बायकोने ते वापरून पाहावं, पसंत पडलं तर तसं लिहून द्यावं, मग रुग्णालयाला चार मशिनं अर्ध्या किमतीत. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे रुग्णालयाचा सगळा कारभार पाहतात त्या, पत्र घेऊन स्वतः खाली धुलाईघरात आल्या होत्या. एरवी वाफेने त्यांचं डोकं दुखतं.

गाडीत बसल्या बसल्या बायकोने नाक वर केलं. "अहो, अत्तर फवारलंय यांनी."

"नवी गाडी आहे गं."

"नव्या गाडीला नव्या गाडीचा वास येतो. हा काहीतरी झाकायचा वास आहे."

पुढच्या सीटवरून मोठ्या बाई हसल्या. "अक्का, तुम्हाला अमृत दिलं तरी आधी वास घ्याल."

"घेईन की," ही म्हणाली. "नासलेलं निघालं तर?"

तिसऱ्या मजल्यावर एक पांढरी खोली होती. मधोमध मशीन, कडेला टेबलावर चहा आणि बिस्किटं, आणि एक भिंत पूर्ण काळ्या काचेची. छताला कॅमेरा लटकत होता, त्याचं तोंड बरोबर मशीनच्या काचेकडे. एक इंजिनियर मुलगी आमच्या स्वागताला उभी होती. माझ्या मुलीच्या वयाची असेल, बोलायला गोड.

"हा कॅमेरा कशाला?" मी विचारलं.

"नोंद ठेवायला, काका."

"आणि ही काळी काच?"

"ती सजावट आहे. बिस्किट घ्या ना."

मी घेतलं नाही. मला बिस्किटाचाही संशय आला. टेबलावर एक टाइप केलेला कागद पालथा ठेवला होता, त्याचा तर पहिल्यापासूनच होता. मी तो उलटायला गेलो, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तो नंतरचा आहे, आधी मशीन बघा." मी हात मागे घेतला, पण नजर काही मागे घेतली नाही.

बायकोने आधी मशीनला चारी बाजूंनी हात लावला. झाकण उघडलं, आत डोकं घालून हुंगलं, पत्रा वाजवून पाहिला. मग काचेसमोर उभी राहिली. मुलीने तिचं बोट धरून काचेच्या एका कोपऱ्यावर टेकवलं.

"चादरी," मशीन म्हणालं. अगदी स्पष्ट, मंजुळ बाईचा आवाज.

बायकोने बोट सरकवलं. "टॉवेल." आणखी सरकवलं. "डागाळलेले कपडे. कोमट पाणी. गरम पाणी." बोट कसंही फिरलं, मागे आलं, उडी मारून खालच्या ओळीत गेलं, तरी आवाज त्याला चिकटून होता.

खरं सांगतो, मी विरघळलो. कॅमेरा विसरलो, काच विसरलो. मनात म्हटलं, झालं, चौघींची भाकरी वाचली. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा जरा," बायको म्हणाली. "अजून एकदा."

आमच्या धुलाईघरात वाफेचे नळ आहेत. त्यामुळे नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट शिकवतात. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी बोट तिच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबवायचं, धग लागते का बघायची, मग टेकवायचं. बायकोच्या हाताला ही सवय इतकी भिनली आहे की घरी पाण्याचा पेलासुद्धा ती तशीच उचलते. दुसऱ्या वेळी कुणी तिचं बोट धरलेलं नव्हतं. तिने ते सवयीने काचेजवळ नेलं आणि टेकवण्याआधी थांबवलं.

"टॉवेल," मशीन म्हणालं.

तिने बोट मागे घेतलं, दुसरीकडे नेलं.

"गरम पाणी."

मी दोन हात अंतरावर उभा होतो. मला बोट काचेला टेकलेलंच दिसत होतं. तेवढं अंतर माझ्या डोळ्यांना कुठलं दिसायला? पण तिचा चेहरा मी ओळखतो. भाजीवाला तागडीला अंगठा लावतो तेव्हा तिचा होतो, तसा झाला होता.

मग तिने मशीनच्या पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या.

मागे एकदा एकीची बाही पट्ट्यात ओढली गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे पत्र्यावर दोन टिचक्यांचा अर्थ ठरला आहे. मिस्त्री, आधी वीज तोड, काय झालं ते मागाहून विचार. त्या खोलीत हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. माझे पाय आपोआप हलले. मी मशीनच्या मागे गेलो आणि प्लग उपसला. काचेवरचे दिवे गेले.

बायकोने मेलेल्या काचेवर बोट दाबलं.

"धुलाई सुरू होत आहे," मशीन गोड आवाजात म्हणालं. "कृपया झाकण उघडू नका."

"अहो, वीज आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"कुठे गेली?"

"माझ्या हातात आहे," मी म्हणालो, आणि मला हसू आवरेना. मुलीच्या हातातला चमचा खाली पडला. बायको काळ्या काचेकडे वळली. "आतले भाऊ, या बाहेर. तुमचा चहा निवतोय."

काचेतलं एक दार उघडलं. आतून बारीक चणीचा एक माणूस आला. आत एक संगणक दिसला, पडद्यावर बायकोच्या हाताचं चित्र. बोट जिकडे जाईल तो शब्द हा आतून, मशीनखाली लपवलेल्या वेगळ्या स्पीकरवर वाजवत होता. बिचारा फक्त बोटाकडे बघत होता, दिवे गेलेले त्याला कळलेच नाहीत. त्याच्या तोंडात बिस्किट होतं.

मुलगी रडवेली झाली. "काकू, फसवायचं नव्हतं हो. खरा आवाज अजून तयार व्हायचाय. मशीनने कधी काय बोलावं हे आधी माणूस बसवून बघतात. ही कामाची पद्धतच आहे."

"मग सजावट का म्हणालीस?" मी विचारलं.

"आधी सांगितलं तर माणसं वेगळी वागतात."

"वागणारच," बायको म्हणाली. "अहो, तो कागद वाचा बघू."

मी कागद उलटला आणि ओळीखाली बोट धरून एकेक शब्द वाचला. "आम्ही हे बोलणारे मशीन स्वतः वापरले. दृष्टिहीन कामगारांसाठी ते पूर्णपणे सुरक्षित आहे."

"कुठलं मशीन?" बायकोने विचारलं. "आमच्याकडे मशिनं कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात," मुलगी म्हणाली. "आवाज नंतर भरून देऊ. कागद विक्रीवाल्यांनी केलाय, मी नाही."

"आणि तोवर?"

"तोवर... कुणीतरी दिसणारं सोबतीला ठेवता येईल."

"सोबतीला नव्हे, आमच्या जागी."

मोठ्या बाई मध्ये पडल्या. "अक्का, आज ना उद्या आवाज येईलच की. सहीने तुमचं काय जातंय?"

"माझं नाव वाचून आणखी कुठल्या तरी धुलाईघरात ही मशिनं जातील. तिथल्या बायका मला विचारायला येणार नाहीत, त्या सरळ घरी जातील." तिने माझा हात धरला. "चला."

परतताना गाडी नव्हती. बसच्या थांब्यावर उभे असताना ती म्हणाली, "बाईंना माहीत होतं."

"कशावरून?"

"तुम्ही प्लग काढलात तेव्हा त्या पोरीचा चमचा पडला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. इतकं सावकाश, की घाबरलेलं माणूस लावणार नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. खरं-खोटं मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिघींना सगळं सांगितलं. तिघी ऐकून पुन्हा कपड्यांना लागल्या, आणि तेच मला आवडलं नाही. बायकोलाही आवडलं नाही. चादरी मोजता मोजता ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "गाणारी सही करील."

गाणारी म्हणजे तिघींतली सगळ्यात नवी. काम करताना सतत गुणगुणते. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि कायम करायचा कागद मोठ्या बाईंच्या कपाटात असतो.

"ती तशी नाही," मी म्हणालो.

"मीही तिच्या जागी असते तर तशीच असते. लक्ष ठेवा."

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी मोठ्या बाई खाली आल्या. हातात तोच कागद. "अक्कांची सही नसली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "चौघींतल्या कुणाचीही चालते, मी विचारून घेतलंय." आणि त्या सरळ गाणारीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "तुझ्या कायम होण्याचं मी बघतेच आहे. इथे सही कर."

गुणगुणणं थांबलं. मशीन पिळायला लागलं होतं, त्याचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. बायकोच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर तशीच राहिली. ती कान देऊन उभी होती.

गाणारीने हात पुसले. पेन घेतलं. कागदावर बोट फिरवलं.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"मशीनबरोबर तो आतला माणूसही येणार ना? त्याला सकाळची पाळी द्यायची की दुपारची?"

तिघींतली एक कोपऱ्यात टॉवेल निवडत होती, ती फिस्सकन हसली. तिसरी म्हणाली, "दुपारची द्या. सकाळी त्याला बिस्किटं लागतात."

"आणि तो रजेवर गेला तर?" गाणारीने विचारलं. "चादरी तशाच ठेवायच्या का?"

आता चौघीही हसत होत्या, माझी बायको सगळ्यात मोठ्याने. गाणारी हसत हसत पेन पुढे धरून उभी होती, पण तिचा दुसरा हात पदर पिळत होता. बाईंना तो दिसत होता. मलाही दिसत होता.

मोठ्या बाईंनी पेन घेतलं, कागदाची घडी घातली. "मिस्त्री, या तिमाहीत खरेदी नाही," त्या मला म्हणाल्या. "जुनी चालवा. कशी चालवायची ते तुम्ही बघा." जिना चढता चढता त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

चार दिवसांनी कंपनीतून फोन आला. तीच इंजिनियर मुलगी होती. मी एका मशीनच्या पोटाखाली आडवा होतो, तसाच फोन कानाला लावला, आणि ओरडून बायकोला सांगितलं. "ती पोरगी म्हणते, आठवडाभर इथे येऊन बसायचंय तिला. तुम्ही चौघी कशा काम करता ते बघायला."

बायको नळाची धग बघत होती. तिने नळ बंद केला.

"ये म्हणावं," ती म्हणाली. "एकटी ये म्हणावं."