देवीसमोर माझं गाऱ्हाणं

तीन आठवड्यांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून ते घरी आले, सोबत रोजच्या गोळ्या; त्यातली एक रक्त गोठू न देणारी. परवा होडीची फळी तासताना त्यांचं बोट कापलं आणि रक्त अर्धा तास थांबेना. झालं! बाबांचे थोरले भाऊ भिकाजीकाका लगेच म्हणाले, "गोळयेन रक्ताचा पाणी केल्यान. बंद कर, हरी. देवीक कौल लावया."

"काका, आधी डॉक्टरांका इचारा!" मी म्हटलं.

"तू गप रव गो. दहावीत गेलंस म्हणान डाक्टरीण झालंस?"

आणि बाबा? अख्ख्या गावाशी भांडणारे माझे बाबा थोरल्या भावापुढे मान खाली घालून बसले. दोन दिवस गोळी नाही! माझं डोकं असं तापलं की विचारू नका. बाबा ॲडमिट असताना दवाखान्यातल्या सिस्टरना मी प्रश्न विचारून हैराण केलं होतं, ते काय उगीच?

आज सकाळी देवळात गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर गोळी कायमची बंद, डावी पडली तर चालू. मागे दहा-बारा माणसं हात जोडून उभी. काका गाऱ्हाणं सुरू करणार, तोच मी पुढे झाले. मुली गाऱ्हाणं घालत नाहीत म्हणे. घातलं!

"बा देवी माउली! माझ्या बाबांची एक नळी मोकळी झाली, पण अटॅकानंतर आंगातल्या बाकीच्या नळयांचा अस्तर पण चिकट झाला आसा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सवयीने उत्तर आलं.

"होडयेच्या बुडाक कालवां लागतत, तशे रक्तातले प्लेटलेट थंय जावन चिकटतत, एकावर एक!"

"व्हय म्हाराजा!"

"ते चिकटाक नाय म्हणान ही गोळी आसा! बोटातला रक्त दाबून थांबता. हृदयात रक्ताची गाठ झाली तर कोण दाबतलो?"

"व्हय म्हा..." मागचे अडखळले.

"डॉक्टरांका न इचारता गोळी बंद करतत, त्यांका बुद्धी दी गे माउली!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीकाकांचा. मग त्यांना कळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

गुरव पाकळ्यांकडे बघायचं सोडून हसत होता. बाबांनी वर बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"सृष्टे, डॉक्टरांका लाव फोन."

डॉक्टर इतके ओरडले की गाभाऱ्यात ऐकू गेलं. "एक दिवससुद्धा चुकवायची नाही! आत्ता घ्या, आणि संध्याकाळी मला दाखवायला या." गोळी माझ्या दप्तरात होतीच. बाबांनी तिथेच, गुरवाच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर ती गिळली.

आता काका गावभर सांगत सुटलेत, "देवीनच पोराच्या तोंडान सांगल्यान!"

देवीने? घसा माझा बसलाय!