डोणीतलं पाणी

दाराच्या फटीला डोळा लावून नंदाबाई उभी होती. परसात तिच्या गाईच्या डोणीवर शेजारचा ख्वाजामियाँ वाकला होता. बाही कोपरापर्यंत सारलेली, हात पाण्यात. सापडला की नाही चोर! तिनं धाडकन दार उघडलं.

"काय टाकलं पाण्यात, चाचा?"

म्हातारा दचकला. उभा जन्म दोन्ही घरांचं कुंपण एक. ईदेला त्याच्याकडून शेवयांचा कोरडा शिधा यायचा, दिवाळीला इकडून फराळ जायचा. पण यंदाचा भादवाच वाईट. फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, रझाकार पळाले, आणि आष्टीच्या बाजारात रोज नवी आवई उठू लागली: अमक्या विहिरीत विष, तमक्या आडात विष. त्यातच नंदाबाईच्या गाभण गाईनं कालपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. एकट्या बाईचं तेवढंच दुभतं. शंका म्हणजे ढेकूणच. एकदा घरात शिरली की निघत नाही. म्हातारा डोणीशी काहीतरी करतो, हे तिनं सकाळीच दीर पुंजारामाच्या कानावर घातलं होतं.

"टाकलं न्हाई, बाई. काढून राह्यलो."

त्यानं हातातलं मलमलीचं फडकं उलगडलं. आत डासांच्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

"अगं बाई! ह्यांचं काय लोणचं घालता?"

तो कसंनुसं हसला आणि तिला आपल्या ओसरीशी घेऊन गेला. काचेच्या बरणीत हैदराबादेहून आणलेले इवलेसे लाल मासे फिरत होते. फडकं झटकताच ते अळ्यांवर तुटून पडले.

"जित्तंच लागतं ह्यांना. मडक्यात कोंडा कुजवून घरीच अळ्या पोसत होतो. वासानं माझी घरवाली अजीजुन्निसा कावली, मडकंच फोडलं तिनं. अन् नाल्यावर जायची आता हिंमत न्हाई."

"मंग मला विचारायचं व्हतं."

"तुमच्या पाण्याला हात लावू का, हे कोण्या तोंडानं विचारू? तेबी अशा दिवसांत?"

नंदाबाई बरणीवर वाकून बघू लागली. मासे खरे, अळ्याही खऱ्या. पण मग गाय का खात नव्हती?

तेवढ्यात तिच्या परसात गलका झाला. चार गडी, हातात काठ्या, पुढं पुंजाराम. ती धावत परत आली. मागोमाग म्हाताऱ्यालाही त्यांनी ओढून आणलं.

"वैनी, ह्यानंच ना? सांगा फक्त. आत्ता निकाल लावतो ह्याचा."

ख्वाजामियाँ तिच्याकडं बघत राहिला. आपल्याच सकाळच्या शब्दांची तिला भीती वाटली.

"माझा समज चुकला, भावजी. माशांसाठी अळ्या काढत व्हते ते."

"अळ्या! काहीबी सांगतो अन् तुम्ही ऐकता? मंग गाय उगाच पडली का आजारी?"

गाय दावणीला मान टाकून उभी होती. पुढ्यातला हिरवा चारा तसाच पडलेला. खरं काय ते नंदाबाईला अजूनही ठाऊक नव्हतं. मुसलमानाचा हात लागलेलं पाणी तिच्या सासर-माहेरात कुणी ओठाला लावलं नव्हतं.

तिनं पदर खोचला, डोणीशी गेली आणि ओंजळ बुडवली.

"वैनी, बाटाल!"

ती घटाघटा प्यायली. मग दुसरी ओंजळ भरून तिनं पुंजारामापुढं धरली.

"घ्या, भावजी."

पुंजाराम एक पाऊल मागं सरला.