पोतोसीचे हात

सरकारी वकील अरांसिबियांना पोतोसीच्या खाणगावात येऊन जेमतेम महिना झाला होता, पण तोरा असा की खाणीचा डोंगर यांनीच रचला. खाण कंपनीचं फाटक कुणीतरी स्फोटानं उडवलं आणि त्यांनी खाणकामगारांच्या संपाचा म्हातारा पुढारी सेवेरिनो याला उचलून आणलं. पुराव्यासाठी राजधानीहून लेझरचं यंत्र मागवलं. हातावरून कापूस फिरवायचा, कापसावर किरण टाकायचा. परतणाऱ्या उजेडावरून हाताला काय चिकटलंय ते यंत्र सांगतं.

रसायनतज्ज्ञ कासिल्दानं म्हाताऱ्याच्या हातावरून फिरवलेल्या कापसावर किरण टाकला. पडद्यावर स्फोटकाची खूण ठळक उमटली.

"सापडला," वकील म्हणाले. "करा सही. म्हातारा आता सुटत नाही."

"डायनामाइट सापडलंय, साहेब. गुन्हेगार नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

"यंत्र नाही बोलत. तुम्ही त्याच्या तोंडी घालताय."

बाकावरचा सेवेरिनो गालातली कोकाची पानं सरकवत म्हणाला, "पोरी, कशाला पायावर धोंडा मारून घेतेस? माझं काय, पिकलं पान."

"तुम्ही गप्प बसा, ताता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इथं डायनामाइट भर बाजारात, कोकाच्या पानांशेजारी मिळतं. खाणकामगार ते आपल्या पैशानं विकत घेऊन कामाला जातो. गिरणीवाल्याच्या अंगावर पीठ दिसलं म्हणून त्याला चोर ठरवायचं, त्यातली ही गत.

तिनं हातमोजा काढला, नवा कापूस स्वतःच्या तळव्यावरून फिरवला आणि यंत्राखाली ठेवला. तीच खूण, तितकीच ठळक.

"हे काय?" वकिलांचा चेहरा पडला.

"माझी आई बाजारात डायनामाइट विकते. ज्या हातानं कांड्या बांधते, त्याच हातानं सकाळी मला पाव देते. त्याच पावावर शिकले मी."

"हे अहवालात लिहाल तर नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दोन्ही निकाल तिनं एकाखाली एक लिहिले, सही ठोकली आणि सेवेरिनोच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. भीती वाटत होती, पण उठावंसं मुळीच वाटत नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"घाला बेड्या. नंतर आईला आणा, मग अख्खा बाजार."

वकिलांनी दारातल्या शिपायाला हाक मारली. तो इथलाच, खाणकामगाराचा मुलगा. त्यानं आपले हात हळूच खिशात घातले आणि जागचा हलला नाही.