काळं झाकण

नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लावल्याशिवाय संपदा पाटकरला चैन पडत नसे. फ्रिज आला, फ्रिजला लावलं. नवऱ्याची स्कूटर आली, स्कूटरला लावलं. पाण्याचा फिल्टर बसवायला आलेला माणूस घाईत होता, तर त्याला पाच मिनिटं दारात ताटकळत ठेवलं आणि फिल्टरलाही लावलं. त्यामुळे शनिवारी सकाळी इशिता कॉम्प्युटरचे दोन मदरबोर्ड घरात ठेवून, "आई, खोक्यांना हात लावू नकोस हं," एवढंच सांगून बाहेर पडली, हे तिचं चुकलंच. एकवीस वर्षं त्याच घरात राहून पोरीनं आईला इतपत ओळखायला हवं होतं.

बोर्ड दोन होते, पण ठेवायचा एकच होता. मैत्रिणीकडून मिळालेली कॅबिनेट अडनिड्या मापाची, त्यात मोठा बोर्ड बसेल की छोटा, हे घरी लावून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. असा माल घरी न्यायला कुठलाही दुकानदार देत नाही. जितेशभाईनं दिला. त्याचं दुकान शांती नगरातच, आणि राहायला तो त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली. मोठ्या बोर्डाचे पैसे घेऊन तो म्हणाला होता, "जो पाहिजे तो ठेव. दुसरा संध्याकाळी सातच्या आत परत."

घाई होती ती दुसऱ्या दिवशीच्या ट्रायलची. पुण्यात मुलींची एक गेमिंग टीम उभी राहत होती. शेकडो नावांतून आठजणींना बोलावलं होतं, त्यांत इशिता होती. रविवारी सकाळी अकराला, घरूनच, स्वतःच्या मशीनवर, कॅमेरा लावून खेळायचं होतं. सायबर कॅफे चालणार नव्हता, आणि घरातला लॅपटॉप तो गेम उघडतानाच धापा टाकायचा. दीड वर्ष शेजारच्या मुलांच्या ट्युशन घेऊन इशितानं एकेक भाग जमवला होता. राहिले होते बोर्ड आणि प्रोसेसर, आणि आता ती भाईंदरला गेली होती ती प्रोसेसर आणायला.

संपदानं या सगळ्याला दोन वर्षं 'बटणं बडवणं' म्हटलं होतं. तोंडावर म्हटलं होतं, नातेवाइकांत म्हटलं होतं. पण निवड झाल्याचा मेल इशितानं बापाच्या आधी तिला वाचून दाखवला, आणि वाचताना पोरीचा आवाज कापला, तेव्हापासून ती मनातल्या मनात विरघळली होती. तसं बोलून दाखवायचं म्हणजे दोन वर्षांचं तोंडसुख मागे घ्यायचं. ते काही जमेना. कुंकू लावणं जमण्यासारखं होतं.

कुठल्या बोर्डाला लावायचं, हा प्रश्नच नव्हता. आठवडाभर इशिता मोठ्याचंच कौतुक सांगत होती. त्यात वायफाय आतच होतं, रॅमला चार खाचा होत्या, पुढे वाढवायला जागा होती. संपदानं मोठा बोर्ड खोक्यातून, मग चंदेरी पिशवीतून काढला आणि देवापुढे पाटावर ठेवला. मधोमध एक काळं प्लॅस्टिकचं झाकण होतं, वर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तिला वाटलं, पॅकिंगच असणार, फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं असतं तसं. प्लॅस्टिकला कुंकू लावण्यात काय अर्थ? तिनं नख घालून ते उचललं, आणि ते टक्कन निघालं.

खाली सोनेरी, बारीक बारीक टोकांची चौकोनी जाळी होती. इतकं सुंदर काही त्या हिरव्या-काळ्या पत्र्यात असेल असं तिला वाटलं नव्हतं. हात जोडून तिनं करंगळीजवळच्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, आणि वर चार अक्षता टाकल्या.

बोट उचललं तेव्हा त्या जागेवरची चमक गेली होती. मखमलीवर उलटं बोट फिरवावं तशी टोकं आडवी झाली होती, आणि मध्ये कुंकू बसलं होतं. तिनं घाईनं पाट जवळ ओढला. अक्षता वेचल्या, तीनच सापडल्या. मग ती कान कोरायची कापसाची काडी घेऊन आली आणि कुंकू पुसायला गेली. कापूस अडकला. ओढला, तर आणखी एक ओळ वाकली.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, प्रोसेसर मिळाला. बोर्ड नीट आहेत ना? हे बघ, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवर काळं झाकण असतं, ते चुकूनसुद्धा काढू नकोस. आतल्या पिनांना बोट लागलं तरी बोर्ड संपला. आणि झाकण काढलेला माल जितेशभाई परत घेत नाही."

संपदाच्या हातात काडी होती.

"नीट आहेत," ती म्हणाली. "मी कशाला हात लावू?"

फोन ठेवल्यावर तिनं झाकण दाबून बसवलं, बोर्ड पिशवीत, पिशवी खोक्यात. इशिता आली की सांगायचं, असं ठरवून ती वरणाला फोडणी द्यायला गेली. इशिता आली. 'आधी पाणी पिऊ दे' म्हणून संपदा थांबली. पाणी पिऊन झाल्यावर 'जेवू दे' म्हणून थांबली. जेवण झालं आणि इशितानं खोलीचं दार लावून घेतलं. आतून स्क्रू घरंगळल्याचे, कॅबिनेट सरकवल्याचे आवाज आले. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. संपदा बाहेरच उभी होती.

दार उघडलं. "छोटा ठेवतेय," इशिता कॅबिनेटकडे बघत म्हणाली.

"अगं, पण मोठ्यात वायफाय..."

"वायर टाकेन."

"चार खाचा होत्या ना?"

"दोन पुरतात. आई, मला ठरवू दे ना."

संपदाला एकदम हलकं वाटलं. तिनं केलेला घोळ आपल्या पायानं घराबाहेर चालला होता! ट्रायल वाचली, पोरीला काही कळलं नाही, देवानंच सांभाळलं. हा आनंद तिला चहा होईपर्यंत पुरला. चहा गाळताना तिच्या लक्षात आलं की खोकं घराबाहेर जाणार म्हणजे जितेशकडे जाणार. दिवाळीला दर वर्षी चकल्यांचा डबा पाठवणाऱ्या जितेशकडे.

"मी देऊन येते," इशिता म्हणाली.

"मीपण येते. भाजी आणायचीय."

"भाजी कालच आणलीस."

"कोथिंबीर नाहीये," संपदा म्हणाली आणि चपला घातल्या. आपण का चाललो आहोत, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. उत्तनचा जॉय, चाळिशीचा, हेल्मेट काखेत धरून उभा. मासेमारी बंदीचे दिवस, बोट किनाऱ्याला लागलेली, म्हणून हे महाशय घरी बसून गेम खेळायला लागले होते आणि आता त्यांना जुनं मशीन पुरत नव्हतं. काउंटरवर लिहिलं होतं: सॉकेटचं झाकण उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. त्याखाली जितेशची छोटी टॉर्च आणि भिंग होतं. परत आलेला प्रत्येक बोर्ड तो त्या भिंगाखाली धरायचा.

इशितानं खोकं पुढे केलं. "मोठा परत, जितेशभाई."

जितेशनं बोर्ड काढला, टॉर्च उचलली, आणि मग संपदाकडे बघून हसला. टॉर्च खाली ठेवली. "संपदाबेन खुद आयी हैं, तुमचा माल काय चेक करायचा!" आणि जॉयकडे वळून म्हणाला, "ले भाई, तुझं नशीब चांगलंय. तुला हाच पाहिजे होता ना? एकच पीस होता."

जॉयनं बोर्ड दोन्ही हातांनी घेतला. "यो चांगला हाय ना वो? मना उत्तनवरून परत यायला जमनार न्हाय."

"एकदम नवा. फक्त एक लक्षात ठेव. झाकण तू उघडलंस की माल तुझा. मग पिना वाकल्या, काय झालं, मी बघणार नाही."

"हां, बराबर हाय," जॉय म्हणाला आणि पैसे काढायला खिशात हात घातला.

संपदानं त्या हाताकडे पाहिलं. एक मिनिट गप्प बसायचं होतं, फक्त एक मिनिट. तो उत्तनला जाईल, झाकण काढेल, आणि कुंकू बघून त्याला काय वाटायचं ते वाटेल. पण तो परत येईल तेव्हा जितेश त्याला खोटं ठरवेल, आणि आपल्यावर विश्वास ठेवला म्हणून ठरवेल. उद्या अकरा वाजता इशिता खेळत असेल. फक्त एक मिनिट.

इशितानं तिचा दंड धरला. "आई, चल. कोथिंबीर."

"जितेशभाई, झाकण उघडा," संपदा म्हणाली.

"क्या?"

"आई, नको!" इशिता म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, हे संपदाला ऐकू आलं.

"उघडा. मी सकाळी उघडलं होतं. पूजा केली."

जितेशनं झाकण काढलं आणि टॉर्च मारली. तांबडा डाग होता, कापसाचा तंतू होता, आणि कोपऱ्यात पिनांमध्ये रुतलेला तांदळाचा चौथा दाणा होता. कितीतरी वेळ तो भिंगातून वर बघेचना. जॉयनं मान वाकवून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आमच्या चर्चचा फादर बी बोटीवर पानी शिंपडतो, बाय. पन इंजिनात न्हाय."

जितेशनं भिंग खाली ठेवलं.

"इशिता," जितेशनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

इशितानं मान खाली घातली. जितेशचा चेहरा पडला तो त्या वेळी. बोर्ड बघताना नव्हता पडला.

"मग हा तुमचाच," तो म्हणाला. "मी काही करू शकत नाही. काशीमीऱ्याला एक कारागीर आहे, पिना सरळ करून देतो. सोमवारी जा त्याच्याकडे."

"ट्रायल उद्या आहे."

"मालूम है, बेटा."

जॉय घुटमळला. "मंग तो लहान हाय का कोनता?"

लहान एकच होता, आणि तो अजून झाकणासकट इशिताच्या टेबलावर होता. भरलेले पैसे मोठ्यात गेले होते, आणि दुसऱ्या बोर्डाचे पैसे घरात नव्हते. असते तर दीड वर्ष ट्युशन घ्यायची वेळ कशाला आली असती! "पाच मिनिटांत आणून देते," इशिता जॉयला म्हणाली. मोठ्याचं खोकं तिनं उचललं आणि आईची वाट न बघता चालायला लागली.

संपदानं तिला लिफ्टपाशी गाठलं. धाप लागली होती. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती.

"तुला कधी कळलं?"

"आल्या आल्या. झाकणाच्या कडेला कुंकू होतं." इशिताचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिनं घट्ट धरला होता. "उद्याची ट्रायल गेली, आई."

"हो. माझ्यामुळे गेली."

इशितानं लिफ्टचं बटण दाबलं. संपदाला तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण आज त्या हातानं पुरेसं केलं होतं. तिनं तो पदरात गुंडाळून ठेवला.

"कळलं होतं, मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारून काय होणार होतं? विचारलं असतं तर आपल्या दोघींना माहीत झालं असतं, आणि मग तो परत देता आला नसता." लिफ्टचं बटण तिनं पुन्हा दाबलं. "आणि मला वाटलं होतं, तू काही तोंड उघडणार नाहीस."

"मलाही तसंच वाटलं होतं," संपदा म्हणाली.