दहापैकी दहा

पंकजाबाईंना आयुष्यात कुणी नऊ गुण दिले नव्हते. त्यांनी इतरांना दिले, चांगले सढळ हातानं दिले. कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून. पण स्वतःच्या नाकावर माशी बसू दिली नाही. अशा बाईच्या हातात भाचीनं एक पितळी पेला ठेवला आणि म्हणाली, “आत्या, रोज संध्याकाळी यावर सांगायचं, आज मन कसं आहे. एक ते दहा.” आता तुम्हीच सांगा, पंकजाबाई दुसरं काय करणार होत्या?

भाचीचं नाव हरिणी. भावाची मुलगी. बेंगळूरला एका कंपनीत फोनवरच्या दुकानांची पानं सजवायचं काम करायची, ते सोडून दहा महिन्यांपूर्वी गावी परत आली. भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात दोन खोल्या घेतल्या, पापनाशमहून मामेभाऊ शशांकला बोलावून घेतलं आणि दोघं एक वस्तू बनवायला बसली. मुलंबाळं परगावी, घरात एकटं म्हातारपण, अशांच्या मनाला आधार देणारी वस्तू. अर्धी हातात, अर्धी फोनमध्ये. हातातली म्हणजे कॉफीच्या पेल्याएवढा पितळी पेला, इथल्याच कारखान्यात ओतलेला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. संध्याकाळी सात वाजता तो आपोआप कोमट होई. दोन्ही हातांत धरायचा, कडेचं कडं फिरवायचं, कडं फिरेल तसा फोनवर आकडा बदले. आकडा पाचाच्या खाली गेला की घरच्या माणसाला निरोप जाई. पहिल्या पेल्याचं तोंड उघडं होतं. आत्याच्या भजनातल्या मीनाक्षीबाईंनी त्यात सरळ कॉफी ओतली. तेव्हापासून शशांकनं सगळ्या पेल्यांची तोंडं बंद करून टाकली.

पेले चौदा. ते गेले पंकजाबाईंच्या भजनमंडळात. मंडळ सगळं पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या आपल्या मराठी घरांतल्या बायकांचं. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि मराठीही अशी की पुण्याच्या पाहुण्यानं ऐकली तर त्याला आपल्या खापरपणजोबांची आठवण यावी. शनिवारी मंडळातल्या शिवकामीच्या दिवाणखान्यात भजन, आणि मोठ्या एकादशीला बस करून गोविंदपुरमच्या विठ्ठलाकडे. बेचाळीस दिवस पेले वापरायचे असं ठरलं होतं. वृद्धांसाठी केंद्रं चालवणारी चेन्नईची एक संस्था निकाल बघायला येणार होती. पसंत पडलं तर त्यांच्या चाळीस केंद्रांत पेले जाणार. नाही पडलं तर बोळातल्या खोल्यांना कुलूप आणि हरिणी परत बेंगळूरला. तसा शब्दच तिनं आपल्या वडिलांना देऊन ठेवला होता.

चौतिसाव्या दिवशी हरिणी आत्याच्या घरी आली ती हातात एक कागद घेऊन. चेहरा पार उतरलेला. तिनं कागद मेजावर पसरला. चौदा रेघा, सगळ्या एकावर एक, सगळ्या सरळ, सगळ्या दहावर.

“चौदा बायका, चौतीस दिवस,” हरिणी म्हणाली. “रोज दहा. असं जगात कुठं होतं का, आत्या? शशांकनं चौदाही पेले उघडून बघितले. यंत्रात काही बिघाड नाही. म्हणजे माझीच कल्पना चुकली. आठ दिवसांनी ती माणसं येतील, त्यांना मी काय दाखवू? कुंभकोणमात दुःखच नाही म्हणून?”

पंकजाबाईंनी कागद पाहिला आणि उलटा करून मेजावर ठेवला. कारण घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांना पहिल्या क्षणी कळलं. पहिल्याच शनिवारी, भजन संपून प्रसाद वाटत असताना, त्याच तर म्हणाल्या होत्या, “माझे रोज दहा असतात बरं का. तुझे किती गं, शिवकामी?” झालं. मुख्याध्यापिकेचे दहा म्हटल्यावर कुणाची छाती होती सात सांगायची? त्या दिवसापासून कुणाचा गुडघा ठणको, कुणाचा मुलगा महिनाभर फोन न करो, संध्याकाळी सातला कडं फिरायचं ते थेट दहावर. वर परगावच्या मुलांना काळजी नको, हे आणखी एक कारण. ज्या बाईनं छत्तीस वर्षं मुलींच्या परीक्षेतल्या नकला पकडल्या, तिनंच वर्गभर नक्कल पसरवली होती.

आणि त्यांचे स्वतःचे दहा? ते तर सगळ्यांत मोठं खोटं. थोरली बहीण अलमेलु जाऊन चौदा महिने झाले होते. दोघी बहिणी एका घरात एकतीस वर्षं राहिल्या, एक विधवा, एक बिनलग्नाची. आता पंकजाबाई सकाळी उठून स्वयंपाकघरात जात आणि तिथंच उभ्या राहत. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पेल्याला तर नाहीच.

“तुझी कल्पना चुकली नाही,” त्या म्हणाल्या. “मी चुकवली.” आणि शनिवारची हकीकत सांगितली. आपल्या दहांचं काय, ते मात्र गिळलं. मोडेन पण वाकणार नाही असा मूळचा स्वभाव, तो एका दुपारी कुठं जातो?

हरिणीनं कपाळाला हात लावला. मग हसली, पण हसण्यात जीव नव्हता. “म्हणजे तुम्हाला विचारून उपयोगच नाही. तुमच्यातली कुणीही स्वतःचं खरं सांगणार नाही.”

“स्वतःचं नाही सांगणार,” पंकजाबाई म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. गणिताच्या बाई होत्या त्या. एका बाजूनं प्रमेय सुटेना की दुसऱ्या बाजूनं धरायची सवय. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही आपल्या माणसांची जुनी खोड. मीनाक्षीबाईंना ‘कशा आहात’ विचारा, ‘देवाच्या कृपेनं उत्तम’ म्हणतील. त्यांच्याविषयी शिवकामीला विचारा, सून चार दिवस बोलली नाही इथपासून रात्री किती गोळ्या घेतात इथपर्यंत सगळं सांगेल, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नसेल. “हरिणी, तू प्रश्न उलटा विचारलास,” त्या म्हणाल्या. “उद्या शनिवार आहे. तोवर थांब.”

शनिवारी भजन झाल्यावर त्यांनी चौदा चिठ्ठ्या वाटल्या. सूचना वर्गात द्यायच्या तशाच दिल्या. नाव घालायचं नाही, शेजारणीचं बघायचं नाही. “प्रश्न एकच. आपल्यापैकी कुणाकडे आज कुणीतरी जायला हवं? स्वतःचं नाव लिहिलं तर चिठ्ठी बाद.” बायका आधी हसल्या, मग लिहायला लागल्या. कुणी खाडाखोड केली नाही, कुणी विचार करायला वेळ मागितला नाही. पंकजाबाईंनी स्वतः मीनाक्षीबाईंचं नाव लिहिलं.

घरी येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि पेपर तपासायला बसावं तशा त्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या. शिवकामी, दोन. मीनाक्षीबाई, तीन. उरल्या नऊ. पहिली उघडली. पंकजा. दुसरी उघडली. पंकजा. तिसरीत कुणीतरी लिहिलं होतं, ‘पंकजाकडे. पण ती दारातूनच बरी आहे म्हणून परत पाठवते.’ नवव्या चिठ्ठीपर्यंत त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली होती.

आधी राग आला. एवढं सगळ्यांना दिसत होतं? आपण ताठ मानेनं रस्त्यानं जात होतो तेव्हा या बायका मागून काय बघत होत्या? मग लाज वाटली. नऊ चिठ्ठ्या वेगळ्या करून फाडून टाकाव्यात, हरिणीला पाचच दाखवाव्यात, असंही मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच. पाच चिठ्ठ्यांनीही तिचं काम झालं असतं म्हणा. पण पंकजाबाईंनी जन्मात कधी उत्तरपत्रिका लपवली नव्हती. त्यांनी चौदाही चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या आणि उन्हातून चालत बोळात गेल्या.

हरिणीनं चिठ्ठ्या वाचल्या. मग म्हणाली, “हा पेला मी कुणासाठी बनवायला घेतला असं वाटलं तुला? अलमेलु आत्या गेल्यावर मी बेंगळूरहून तीन महिने रोज तुला फोन करत होते. रोज तू म्हणायचीस, मजेत आहे. मला वाटलं, माणसाला नाही सांगत, निदान एखाद्या वस्तूला सांगेल.” शशांकनं खुर्ची पुढं केली, तिच्यावर पंकजाबाई बसल्या.

पुढचे चार दिवस दोन खोल्यांत दिवा मालवला नाही असं म्हटलं तरी चालेल. आकडे गेले. आता कडं फिरवलं की फोनवर मैत्रिणींची नावं येऊ लागली. ज्या नावावर थांबाल, तिच्या घरचा पेला कोमट होणार, आणि कुणी आठवण काढली ते तिला दिसणार. कसं वाटतंय, हा प्रश्नच नाही. मुलांना निरोप नाही. पितळ तेच, तारा त्याच, फक्त प्रश्नाची दिशा फिरली. नंतरच्या तीन दिवसांत चौदा पेले एकूण एकशे सहा वेळा कोमट झाले, आणि सरळ रेघ एकही राहिली नाही. शशांक ते आकडे भिंतीवर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. पंकजाबाईंनीही दूधवाल्याला दोनदा सांगितलं की हे आमच्या हरिणीनं केलंय.

संस्थेची माणसं आली त्या दिवशी शिवकामीच्या दिवाणखान्यात चौदाही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. संस्थेच्या प्रमुख सौंदर्या नावाच्या बाई, चाळिशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी जुना कागद बघितला, नवा बघितला. मग तमिळमध्ये विचारलं, “पण हे नवे आकडे तरी खरे कशावरून? आधी सगळ्या खोटं सांगत होत्या. आता एकमेकींची मनं राखत नसतील कशावरून?”

प्रश्न चोख होता. हरिणीनं पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. चिठ्ठ्यांचं पाकीट तिच्या पिशवीत होतं, पण त्यांतलं नाव सांगायचा हक्क तिचा नव्हता. तिनं आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पंकजाबाईंनी पाहिलं. पोरीचं दहा महिन्यांचं काम बुडत होतं आणि ती आत्याची अब्रू सांभाळत होती.

पंकजाबाई उठल्या. पदर सारखा केला. “आम्ही आधी एक परीक्षा घेतली होती,” त्या म्हणाल्या. “चौदा चिठ्ठ्या. त्यांतल्या नऊ जणींनी एकच नाव लिहिलं. पंकजा.”

“पंकजा कोण?”

“मी.”

सौंदर्या यांनी कागद खाली ठेवला. “आणि त्यांचं उत्तर बरोबर होतं का?”

छत्तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून त्यांनी दुसऱ्यांची उत्तरं बरोबर ठरवली होती. “बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. “माझी बहीण गेली. तरी या पेल्यावर मी रोज दहा दिले, ते सगळे खोटे. माझ्या मनाचे गुण मागाल तर दोन, फार तर तीन. ते मी कुणाला सांगितले नाहीत, आणि या नऊ जणींना न सांगता कळले. आमच्या गावात माणूस स्वतःचं सांगत नाही. ते ओळखून तशी वस्तू घडवली ती या मुलीनं.” एवढं म्हणून त्यांनी हरिणीकडे बोट केलं. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला त्या वर्षीही त्यांची मान एवढी ताठ नव्हती.

हरिणी डोळे पुसत होती. शशांक छताकडे बघत होता. सौंदर्या यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन मिटलं. “चाळीसही केंद्रांत देऊ,” त्या म्हणाल्या. “फक्त प्रत्येक केंद्रात आधी या बाईंनी येऊन बोलायला हवं.”

दिवाणखान्यात एकच गलबला झाला. त्या गलबल्यात शिवकामी येऊन पंकजाबाईंच्या समोर उभी राहिली. रागावलेली होती. पाहुण्यांपुढची तमिळ सोडून ती घरातली मराठी बोलत होती.

“चौदा महिने विचारतेय तुला,” ती म्हणाली. “दारात उभं करून बरी आहे म्हणतेस आणि कडी लावतेस. आता विचारायची नाही मी. सरळ येणार.”

“ये,” पंकजाबाई म्हणाल्या. “सकाळी ये, शिवकामी. सकाळी मला फार जड जातं.”